ऊर्जापिके आणि मातीतला कर्ब : पन्नास वर्षांचा मागोवा

जगभरच्या जमिनीत वरच्या मीटरभर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब साठलेला आहे. वातावरणातल्या एकूण कर्बाहून हा साठा मोठा आहे. इंधनासाठी पीक घेताना हा साठा घटतो की वाढतो, यावर त्या इंधनाचा हवामानाला होणारा फायदा किंवा तोटा अवलंबून असतो. जैवइंधनाच्या गेल्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत हा मुद्दा मात्र फार उशिरा चर्चेत आला.

सुरुवात झाली ती तेलटंचाईतून. १९७३च्या तेलसंकटानंतर ब्राझीलने १९७५मध्ये उसापासून इथेनॉल बनवण्याचा ‘प्रोआल्कोल’ कार्यक्रम हाती घेतला. तेव्हा चिंता परकीय चलनाची होती. पुढे तापमानवाढीची जाणीव वाढली आणि जैवइंधनाला नवे समर्थन मिळाले : जळताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पिकाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून हिशेब शून्यावर येतो. अमेरिकेने २००५ आणि २००७च्या कायद्यांनी जैवइंधनाचा वापर सक्तीचा केला. युरोपीय संघाने २००९मध्ये वाहतुकीतील ऊर्जेपैकी १० टक्के ऊर्जा २०२०पर्यंत अपारंपरिक स्रोतांतून घेण्याचे ठरवले. सुरुवातीच्या बहुतेक हिशेबांत ट्रॅक्टरचे डिझेल, खतनिर्मिती आणि आसवनीची ऊर्जा धरली जाई. माती जशीच्या तशी राहते, असे गृहीत असे.

हे गृहीतक २००८मध्ये कोसळले. जोसेफ फार्जिओन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये ‘कार्बन कर्जा’ची कल्पना मांडली. जंगल, गवताळ प्रदेश किंवा दलदल मोडून पीक घेतले, की झाडोऱ्यातला आणि मातीतला कर्ब हवेत जातो. जैवइंधनाच्या वार्षिक बचतीतून तो फेडायला वर्षानुवर्षे लागतात. ब्राझीलच्या सेराडो भागातील उसासाठी ही मुदत सुमारे १७ वर्षे निघाली, तर इंडोनेशिया व मलेशियातील पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची दलदलीची) जमीन निचरून लावलेल्या पाम तेलासाठी ४२३ वर्षे. त्याच अंकात टिमोथी सर्चिंगर यांनी अप्रत्यक्ष परिणाम दाखवला : एका देशातील धान्य इंधनाकडे वळले, की दुसरीकडे नवी जमीन नांगराखाली येते. नोबेलविजेते पॉल क्रुट्झन यांनी नत्रखतांकडे बोट दाखवले. पिकाला दिलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि शंभर वर्षांच्या काळात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो.

मातीत नेमके काय घडते, हे मिशिगनमधील केलॉग जैविक केंद्राच्या शेतांवर मोजले गेले. तिथे वीसहून अधिक वर्षे गवताखाली राखलेली जमीन पिकाखाली आणली गेली. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, न नांगरता पीक घेतले तर कर्ज फिटायला २९ ते ४० वर्षे लागतील. नेहमीची नांगरट केली तर ८९ ते १२३ वर्षे. कारण उघड आहे. मातीच्या कणसमूहांत सेंद्रिय पदार्थ सूक्ष्मजीवांपासून सुरक्षित असतो. नांगराने हे समूह फुटतात, हवा आत शिरते आणि वर्षानुवर्षांची साठवण कुजून उडते.

याच काळात बहुवर्षायू पिकांवर प्रयोग झाले. मिस्कॅन्थस आणि स्विचग्रास ही उंच गवते एकदा लावली की दरवर्षी नांगरावी लागत नाहीत. मिस्कॅन्थसची कापणी हिवाळ्याच्या अखेरीस होते. तोपर्यंत बरेचसे नत्र जमिनीखालच्या कंदाकडे परतलेले असते, म्हणून खत कमी लागते. वर्षानुवर्षे नांगरलेल्या जमिनीवर अशी गवते मातीचा कर्ब सहसा वाढवतात. जुने कुरण मोडून लावली, तर फायदा फारसा उरत नाही; सुरुवातीला तोटाच होतो.

उसाच्या बाबतीत पाचटाला मोठे महत्त्व आहे. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याने २००२मध्ये तोडणीपूर्वी फड जाळण्याची प्रथा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. न जळालेले पाचट शेतातच राहू लागले. भारतात २००३मध्ये सुरू झालेले पेट्रोलमधील इथेनॉलचे मिश्रण २०२५मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले, आणि त्यात महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे. इथे तोडणीनंतर पाचट पेटवले, तर कर्ब आणि नत्र दोन्ही हवेत जातात. तेच खोडव्याच्या सरीत पसरून कुजवले, तर ओल टिकते आणि सेंद्रिय कर्बात भर पडते. मात्र भरपूर युरिया आणि पाटाचे मोकाट पाणी एकत्र आले, की भारी काळ्या जमिनीत हवा कोंडते आणि नायट्रस ऑक्साइड वाढतो.

वाद अजून मिटलेला नाही. २०२२मध्ये टायलर लार्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मक्याच्या इथेनॉलचे उत्सर्जन पेट्रोलहून बहुधा किमान २४ टक्के जास्त ठरवले. इतर तज्ज्ञांनी त्यांच्या जमीनबदलाच्या अंदाजांवर आक्षेप घेतला. मतभेदाचे एक मूळ मोजमापातही आहे. मातीतला कर्ब सावकाश बदलतो. एक-दोन हंगामांत फरक दिसत नाही. नेहमीचे माती परीक्षण वरच्या वीतभर थराचे असते, तर खोल मुळांचा कर्ब त्याखाली साठतो. म्हणून मीटरभर खोलीपर्यंतचे, निदान दशकभर चालणारे मोजमाप आवश्यक ठरते. पन्नास वर्षांच्या अनुभवातून एवढे मात्र पक्के झाले आहे : इंधन कोणत्या पिकाचे, याइतकेच आधी त्या जमिनीवर काय उभे होते, ती किती वेळा नांगरली आणि तिला किती नत्र दिले, हे प्रश्न निर्णायक आहेत.