पाच खुर्च्या, पंधरा चित्रपट

पहाटे 5.45
बेतीचा धक्का. उजाडायला अजून वेळ आहे. फेरीबोटीत पंधरावीस माणसं, काही स्कूटर, पावाची टोपली बांधलेली एक सायकल. पलीकडे पणजी. मांडवीत कॅसिनोच्या बोटींचे दिवे अजून चालू आहेत. पायी जाणाऱ्याला फेरीचं तिकीट पडत नाही.

ती कठड्याला टेकून उभी आहे. तिशीची असेल. गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ती ज्युरीची समन्वयक आहे. काम एका एजन्सीमार्फत मिळालं. रोजचे 1,800 रुपये, जेवण वेगळं. महोत्सवाचे नऊ दिवस आणि आधीच्या तयारीचे दोन, असे अकरा. एकूण 19,800. "डिसेंबरचं घरभाडं आणि आईचे डोळे," ती म्हणते. आईच्या मोतीबिंदूची तारीख ठरली आहे.

सकाळी 6.30
बाजाराजवळचं छोटं हॉटेल. पातळ भाजी, दोन पाव, चहा. 70 रुपये. खातानाच ती दिवसाचा कागद उलगडते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 15 चित्रपट, ज्युरी पाच जणांची. रोज तीन चित्रपट, असे पाच दिवस. आज तिसरा दिवस.

मग पिशवी तपासते. पाच बाटल्या पाणी. तीन शाली. डझनभर पेन्सिली, टोक केलेल्या. पेन नाही, कारण अंधारात पेनाची खटखट तीन रांगांपर्यंत ऐकू जाते. एका स्टीलच्या डबीत खोकल्याच्या गोळ्या. त्यांचे कागद तिने रात्रीच काढून ठेवलेत. कागद चुरचुरतो.

सकाळी 7.30
जुन्या मेडिकल कॉलेजचं आवार. 2004 साली महोत्सव कायमचा गोव्यात आला, तेव्हापासून नोव्हेंबरात या आवाराचा नूर पालटतो. आकाशकंदील, पताका, रांगांसाठी लावलेले बांबू. झाडूवाल्या बायका रात्रीचे कागदी कप गोळा करताहेत.

ती थेट प्रोजेक्शनच्या खोलीत जाते. तिथे काका आहेत. मूळचे सावंतवाडीकडचे, वय साठीच्या आसपास. सतराव्या वर्षी एका टॉकीजमध्ये मदतनीस म्हणून लागले. तेव्हा चित्रपटाची रिळं पत्र्याच्या डब्यांतून यायची आणि जिना चढून डबे वर न्यायचं काम त्यांच्याकडे असायचं. आता चित्रपट हातात मावेल एवढ्या हार्ड डिस्कमध्ये येतो. वजन गेलं, काळजी तेवढीच राहिली.

सकाळी 8.15
"बाय, चावी उघडत नाय गो."

चावी म्हणजे चित्रपटाचं कुलूप उघडणारी छोटी डिजिटल फाइल. ती एकाच सर्व्हरवर चालते आणि ठरलेल्या वेळेतच चालते. आधी नाही, नंतर नाही. दुपारच्या चित्रपटाची चावी सकाळी आठपासून चालायला हवी होती. पाठवणाऱ्याने तास आपल्या देशाच्या घड्याळाने मोजले. ती फोन लावते. पलीकडे मध्यरात्र उलटून गेलेली, तरी कुणीतरी उचलतं. चाळीस मिनिटांनी नवी चावी येते. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत.

काका पाच मिनिटांचा तुकडा लावून बघतात. चित्राच्या कडा, सबटायटल, आवाज. आवाजाचा आकडा सातवर. पंधराही चित्रपट सातवरच लागणार. "एकाचो आवाज चढवलंय तर दुसऱ्याची मान कापली," काका म्हणतात.

सकाळी 9.30
पहिला चित्रपट. हा खेळ फक्त ज्युरीसाठी. पाच जण आत येतात. दोन दिग्दर्शक, एक निर्माती, एक छायालेखक, एक संकलक. संकलकबाईंचं वय पासष्टच्या पुढे. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. दर दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी. शेजाऱ्याचा सुस्कारासुद्धा मत बनवतो, म्हणून.

बाहेर ऊन चढलंय. आत वातानुकूलनाचा गारठा. शाली पहिल्या दहा मिनिटांतच लागतात.

सकाळी 11.25
दिवे लागतात. कुणी बोलत नाही. छायालेखक मान दोन्हीकडे वळवून मोकळी करतात. निर्मातीबाई डोळ्यांत थेंब घालतात. मॅडमच्या वहीचं पान मला ओझरतं दिसतं. अंधारात न बघता लिहिलेलं. एक ओळ दुसरीवर चढलेली, तिसरी तिरकी होऊन पानाबाहेर गेलेली. आता उजेडात त्या तेच पुन्हा नीट उतरवतात. हे रोज तीनदा.

दुपारी 1.00
जेवण. भात, माशाची कढी, ज्यांना नको त्यांना डाळ. मॅडम थोडंच वाढून घेतात. विमानाचं तिकीट, खोली, जेवण, गाडी, सगळं महोत्सवाकडून. त्या बदल्यात पाच दिवस डोळे आणि मन महोत्सवाचं. दुसऱ्याचा चित्रपट आवडला की नाही हे जेवताना विचारायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी आपसात ठरवलंय. गप्पा पावसाच्या, नातवंडांच्या, गुडघ्यांच्या.

दुपारी 2.15
दुसरा चित्रपट. 115 मिनिटांचा. संथ. लांबलचक दृश्यं, मोजके संवाद. भाषा पाचांपैकी एकालाही येत नाही, सगळी भिस्त सबटायटलवर. खाली ओळ वाचायची, वर चेहरा बघायचा, की पुन्हा खाली. बोलका चित्रपट असला तर अशा हजारभर ओळी होतात.

आपल्या मराठी चित्रपटाचंही असंच होतं. 2021 साली इथेच 'गोदावरी'साठी जितेंद्र जोशीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, निखिल महाजनला ज्युरीचा विशेष पुरस्कार. ज्युरीच्या अध्यक्ष होत्या इराणच्या रख्शान बनी-एतेमाद. नाशिकच्या घाटावरचं बोलणं त्यांनी असंच खालच्या ओळींतून वाचलं असणार.

दुपारी 4.10
दिवे लागतात. चौघे उठतात. मॅडम बसून राहतात. ती जवळ जाते. मॅडम हळू आवाजात सांगतात, "माझा डोळा लागला होता. मोटार चिखलात रुतते तिथपर्यंत आठवतंय. त्यानंतर एकदम लग्नाचा मांडव. मधलं मला दाखवता येईल?"

कुणी पाहिलं नव्हतं. त्या बोलल्या नसत्या तर कुणाला कळलंही नसतं.

ती घड्याळ बघते. चावी सहाला बंद होणार. सव्वापाचला याच पडद्यावर दुसऱ्या खेळाची माणसं आत सोडायची आहेत. ती जिना चढून वर जाते. काकांनी नुकतीच पोळीभाजी सोडलीय. ते डबा बंद करतात.

दुपारी 4.30
रिकामं सभागृह. पाचव्या रांगेत एक बाई, मागे दाराशी आम्ही दोघं. मोटार रुतते. मग एक आई दोरीवरचे कपडे काढते. मुलाचे सदरे घडी घालते. एक, दोन, तीन. चौथा हातात धरून ठेवते, घडी घालत नाही. मुलगा परत येणार नाही हे तिला कळलंय, हे आपल्याला तिथे कळतं. संवाद एकही नाही.

अठरा मिनिटं. मांडव येतो. मॅडम हात वर करतात. चित्र थांबतं.

वहीत दोन ओळी लिहितात. मग मागे वळून, वर, काचेच्या खिडकीकडे बघून हात जोडतात. खिडकीत अंधार आहे. काका दिसत नाहीत, पण ते बघताहेत.

संध्याकाळी 5.40
ज्युरीची खोली. दार बंद. बाहेर खुर्ची टाकून ती बसते. आतली एकही गोष्ट तिला कळत नाही आणि कळू नये हेच तिचं काम. आत चहा जातो, कप बाहेर येतात. पत्रकार येऊन जातात. "सध्या काही नाही, दादा," एवढंच उत्तर.

1965 साली दिल्लीत हा महोत्सव पहिल्यांदा स्पर्धेचा झाला. ज्युरीचे अध्यक्ष सत्यजित राय होते. सुवर्णमयूर, म्हणजे महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, तेव्हाच्या सिलोनला, लेस्टर जेम्स पेरिस यांच्या 'गम्पेरालिया'ला गेला. आता सुवर्णमयूरासोबत 40 लाख रुपये असतात, दिग्दर्शक आणि निर्मात्यात निम्मे निम्मे. एखाद्या छोट्या चित्रपटाचं कर्ज त्यातून फिटू शकतं. म्हणून हे दार बंद.

संध्याकाळी 7.00
तिसरा चित्रपट, प्रेक्षकांबरोबर. रांग पार आवाराच्या फाटकापर्यंत. डेलिगेटचं कार्ड कर धरून 1,180 रुपयांचं. पुण्याहून रात्रीच्या बसने आलेली चार मुलं रांगेत वडापाव खाताहेत. तिने पाच खुर्च्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात. एक गृहस्थ पट्टी बाजूला करून बसतात. ती हात जोडून उठवते. ते कुरकुरत उठतात.

मॅडमनी या वेळी कडेची खुर्ची मागून घेतली. डोळे जड झाले तर उठून भिंतीशी उभं राहता यावं म्हणून. चित्रपट सुरू झाल्यावर तासाभराने त्या खरंच उभ्या राहतात. शेवटपर्यंत उभ्याच.

रात्री 9.20
गाडीत पाचही जण गप्प. ड्रायव्हर रेडिओ लावत नाही. त्याला कुणी सांगितलेलं नाही, दुसऱ्या दिवसापासून तोच लावत नाही. हॉटेलच्या दाराशी ती उद्याची वेळ सांगते. साडेनऊ.

रात्री 10.15
पेन्सिलींना टोक काढणं. गोळ्यांचे कागद सोडवणं. शालींच्या घड्या. उद्याच्या तीन चाव्यांच्या वेळा तपासणं, या वेळी आपल्या घड्याळाने. नऊ चित्रपट झाले, सहा राहिले.

रात्री 11.00
भाऊ स्कूटर घेऊन आलाय. ती मागे बसते.

28 नोव्हेंबरला निकाल लागेल. वर्तमानपत्रात एका चित्रपटाचं नाव मोठ्या अक्षरात छापून येईल. त्या दिवशी उरलेल्या चौदांची यादीही शोधून वाचा. त्यातला एखादा गावात लागला तर जरूर बघा. त्यातल्या कुणाच्या तरी अठरा मिनिटांसाठी एक म्हातारी बाई परत येऊन बसली होती.