पुराची रेषा आणि काठावरचे घर

गोंदियाला समुद्र नाही. मग किनाऱ्याला पुराचा धोका किती, हे मोजण्याची उठाठेव येथे कशाला, असे कोणी विचारील. आम्हीही प्रथम तसेच म्हणत होतो. पण ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेने आमचे म्हणणे खोडून काढले. पाऊस कोसळला तो मुख्यतः वर, मध्य प्रदेशात. सिवनी जिल्ह्यातील भीमगडच्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले आणि बालाघाटावरून आलेले पाणी गोंदिया-भंडाऱ्याच्या काठच्या गावांत शिरले.

समुद्राच्या बाबतीत हे मोजमाप कसे होते, ते आधी पाहू. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने 2012 साली देशाच्या किनाऱ्याचा नकाशासंग्रह काढला. त्यात सात गोष्टी पाहिल्या आहेत : किनारा दरसाल किती सरकतो, समुद्राची पातळी किती बदलते, जमिनीची उंची, तिचा उतार, किनारा खडकाळ की वाळूचा, लाटा केवढ्या आणि भरती-ओहोटीतले अंतर किती. प्रत्येकीला गुण देऊन त्यांचा मिळून एक आकडा करतात. या सातांत माणूस कोठेच नाही, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानी आले असेल.

नदीकाठी आपल्या राज्यात दोन रेषा आखतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मध्ये निर्बंध. या 'पंचवीस वर्षांतून एकदा'ने मोठा घोटाळा केला आहे. "2020 ला येऊन गेला, आता 2045 पर्यंत निर्धास्त," असे आम्हांला एका शहाण्या गृहस्थांनी ऐकवले! अर्थ तसा नव्हे. दरवर्षी शंभरात चार इतका संभव; यंदा आला तरी पुढील साली तितकाच. निळ्या रेषेवर तीस वर्षे राहणाऱ्याला असा पूर एकदा तरी गाठण्याचा संभव शंभरात सत्तर. लाल रेषेवर शंभर वर्षांचा पूर गाठण्याचा संभवही सव्वीस आहेच.

पण रेषा घर ओळखत नाही. आम्ही बिडी कामगारांत वावरतो. एकाच पातळीवरची दोन घरे आम्ही पाहिली. दोहोंत पाणी गुडघाभरच. विटांच्या घरातला चिखल चार दिवसांत निघाला. शेजारच्या घराची मातीची भिंत बसली, तेंदूपाने नि तंबाखू भिजला, आणि त्याचे पैसे कंत्राटदाराने बाईच्या मजुरीतून कापले. पाणी सारखे, नुकसान सारखे नाही.

म्हणून आमची मंडळी आता घरोघर चार प्रश्न विचारतात. मागे पाणी कोठवर चढले? भिंत कशाची? धान्य ठेवायला माळा आहे काय? आणि निरोप किती आधी मिळाला? चौथा प्रश्न आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण भीमगडचे पाणी काही क्षणात येत नाही, वाटेत त्याचे तासन्‌तास जातात. एका गावी वरच्या टोल्यावर भोंगा ऐकू आला होता, नदीलगतच्या टोल्यावर नाही. तेथील बायका अंथरुण ओले झाल्यावर उठल्या.