मॉडेल रेल्वेचा कपलर बदला, डबा खरा वाटेल

एचओ म्हणजे १:८७ प्रमाणातला डबा हुबेहूब रंगवलेला असतो, पण दोन डब्यांच्या मधे पाहिलं की मूड जातो. डबे जोडणारा कपलर म्हणजे अंगापेक्षा बोंगा! मजबुती आणि सहज जोडणीसाठी तो मुद्दाम मोठा ठेवलेला असतो.

अमेरिकी डब्यांसाठी उपाय सोपा आहे. केडी कंपनीचा नेहमीचा ५ नंबरचा कपलर काढा आणि लहान डोक्याचा ५८ किंवा १५८ बसवा. १५८ ला बाजूच्या स्प्रिंगच्या मिशा कपलरलाच जोडलेल्या असतात, त्यामुळे बसवायला तोच सोपा. आपल्या रेल्वेच्या एलएचबी डब्यांचा सेंटर बफर कपलर (सीबीसी) पाहिलाय ना? तशीच वाकलेल्या बोटांची पकड. १८७३ साली इलाय जॅनीने पेटंट घेतलेल्या कपलरचा हा वारसा.

कृती:
१. डबा उलटा करून कपलरच्या डबीचं झाकण उघडा.
२. जुना कपलर काढून नवा बसवा. बोटाने ढकलून सोडल्यावर तो आपोआप मधोमध यायला हवा.
३. केडीच्या २०५ नंबरच्या गेजवर उंची तपासा. कमी भरली तर डबा आणि चाकांची बोगी यांच्या मधे पातळ वॉशर घाला.
४. खालची वाकडी तार रुळाला घासत असेल तर पकडीने किंचित वर वळवा.
५. तेल नको, धूळ चिकटते. चिमूटभर ग्राफाइट पूड पुरते.

लहान डोकं वर-खाली कमी चूक माफ करतं. म्हणून आधी रुळांचे सांधे सपाट करा, मगच कपलर बदला. नवा आणि जुना एकमेकांत जुळतात, त्यामुळे सगळी गाडी एकदम बदलायची गरज नाही. आधी दोनच डबे करून बघा, आणि फोटो नक्की टाका!