शहर मुद्दल खातंय का?

वाढतं शहर टिकेल का, हे बीदरमध्ये विहिरीत सोडलेल्या दोरी आणि दगडाने मोजता येतं. इथलं पठार सच्छिद्र जांभ्याचं, खाली कठीण काळा बेसाल्ट. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं, बेसाल्टवर अडतं, आडवं सरकतं. 15व्या शतकात बहामनी राजवटीत नौबादजवळ हेच पाणी भूमिगत बोगद्यातून, निव्वळ उताराच्या जोरावर खेळवलं गेलं. हीच करेज, म्हणजे सुरंग बावी. काय नजर होती त्या माणसांची!

पण याच जांभ्यावर काँक्रीट चढलं की पाणी मुरणं घटतं. बोअर वाढले की उपसा वाढतो. पाऊस नेहमीइतका होऊनही विहिरींची पातळी दरवर्षी उतरत असेल, तर शहर दरवर्षी मुरणाऱ्या पाण्याच्या व्याजावर नाही, साठ्याच्या मुद्दलावर जगतंय. बीदरकरांनो, यंदा पावसाळ्याआधी आणि नंतर आपल्या विहिरीची पातळी वहीत नोंदवा.