पडवीतले गॅरेज : जुनी गाडी घ्यावी कशी, राखावी कशी

विटा म्हटले की लोकांना यंत्रमाग आठवतात, नाहीतर मुलुखभर पसरलेले सोने-चांदीचे गलाई कारागीर. पण या भागातल्या लहान धंद्याचे ओझे वाहते ती दुचाकी. सुताची बाचकी, अंड्यांचे ट्रे, दुधाच्या किटल्या, फेरीवाल्याची गाठोडी, सारे तिच्याच पाठीवर. गाडी दोन दिवस बंद पडली तर गॅरेजचे बिल तर द्यावे लागतेच, शिवाय दोन दिवसांची रोजी बुडते. म्हणून पडवीत चार पाने टांगून घरीच गाडी उघडणारे कारागीर आपल्यात पुष्कळ आहेत.

जुनी गाडी घेताना आपण आधी इंजिन ऐकतो. ऐकावे, पण कागद पाहिल्यानंतर. प्रस्तुत लेखक एकदा आवाजावर भाळला. पैसे दिल्यावर कळले की आर.सी. बुकातला इंजिन नंबर एक आणि केसिंगवरचा दुसरा. गाडी चोरीची नव्हती, कोणीतरी केसिंग बदलले होते. पण ते पटवून देईपर्यंत तीन महिने गाडी दारात उभी! चासी नंबर बहुतेक गाड्यांत हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. चिंधीने पुसून अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावे. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडी दुसऱ्या आर.टी.ओ.ची असेल तर 28 नंबरचा ना-हरकत दाखला, कर्जावरची असेल तर फॉर्म 35. पंधरा वर्षे झालेल्या गाडीला नोंदणी नूतनीकरण आणि पर्यावरण कर हा खर्च वेगळा. गाडी एवढी स्वस्त का, याचे उत्तर बरेचदा इथेच सापडते.

मग इंजिन. विकणारा गाडी आधीच तापवून ठेवतो. आपण थंड इंजिनवर किक मारायचा आग्रह धरावा. फोर-स्ट्रोक गाडीने निळा धूर सोडला तर ती ऑइल जाळते, म्हणजे रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलेले. काळा धूर म्हणजे पेट्रोल जादा. राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, आर.एक्स. 100 ला त्याची वेगळी टाकी आहे. दोन्हीकडे विसरलात तर पिस्टन धरलाच म्हणून समजा.

हत्यारे एकदम घेऊ नयेत. 8, 10, 12, 14, 17 आणि 19 हे पाने असले की जपानी वळणाच्या गाड्यांचे बहुतेक काम भागते. जुन्या बुलेटला इंची पाने लागतात; तिथे मिलिमीटरचा पाना रेटला की नट गोल झालाच. पक्कड-पाने नाशिकच्या टपारियाचे, कानस रत्नागिरीकडची, असा आपल्याच राज्यातला माल चांगला मिळतो. रस्त्यावरचा स्वस्त संच दिसायला चकाकतो आणि पहिल्याच घट्ट बोल्टला तोंड फाकवतो. फीलर गेज मात्र जरूर घ्यावे. टॅपेटची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते, तीही इंजिन थंड असताना. कानाने टॅपेट लावणारे उस्ताद आहेत, पण त्यांची बरोबरी आपण करू नये.

घरच्या हुनराला मर्यादा कुठे येते, हे शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावाने दाखवले. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. इथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जमवून मुलासाठी छोटी चारचाकी बनवली. खर्च सुमारे साठ हजार, आणि गाडी सुरू होते फटफटीसारखी किक मारून. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे जाहीर कौतुक केले, पण त्याच वेळी सांगितले की नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल. त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. कारागिरी पसंत पडली, तरी नोंदणीपुढे तिचे काही चालत नाही. गाडीच्या चौकटीला वेल्डिंग करून कॅरियर वाढवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बोअर आणि क्रँक घरी करू नयेत. त्यासाठी लेथवाला गाठावा. मागाचे जॉबर आणि लेथवाले विट्यात एकमेकांच्या ओळखीचेच असतात, भावही रास्त लावतात. एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम आले. तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आहे, तिथे पेचकसाचे काम संपले.

जुन्या गाड्यांपुढे आता नवे दुखणे आहे ते पेट्रोलचे. 2025 पर्यंत वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशभर पंपांवर आले. ऊस आपलाच, इथेनॉलही आपलेच, पण जुन्या गाडीचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. पेट्रोलची नळी, कार्बोरेटरचे ओ-रिंग, फ्लोटची सुई तपासत राहावे आणि नळी कडक किंवा फुगलेली दिसली की बदलावी. इथेनॉल पाणी ओढते, टाकी आतून गंजते. म्हणून गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करावा. काढलेले पेट्रोल बंद डब्यात, घराबाहेर. सुटे भाग धुवायला ते वापरू नये, डिझेल घ्यावे. पडवीला लागूनच बहुधा स्वयंपाकघर असते.