हातोड्यांची चाहूल

मी पेटी वाजवते, साथीला बसते, शिकवतेही. रेकॉर्डिंगच्या वेळी भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट माइकमध्ये येऊ नये म्हणून केवढा आटापिटा चालतो! म्हणूनच पियानोवादक निल्स फ्रामचा २०११ मधला ‘फेल्ट’ हा अल्बम ऐकताना मी सावरून बसले. इथे वाद्याचा तसलाच आवाज मुद्दाम पुढे ठेवला होता.

फ्राम १९८२ चा, मूळचा हॅम्बुर्गचा, पुढे बर्लिनमध्ये स्थिरावला. त्याला रात्री उशिरा वाजवायचं असे. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून त्याने पियानोच्या हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये फेल्टचं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं कापड सोडलं. पियानोची पट्टी दाबली की आत हातोडी उसळून तारांवर आदळते. मध्ये कापड आलं की आघाताची धार जाते, सूर मऊ आणि लहान होतो. इतका लहान, की माइक थेट तारांजवळ न्यावे लागतात. मग लाकडाची करकर, हातोड्यांची हालचाल, वादकाचा श्वाससुद्धा टिपला जातो. फ्रामने हे पुसून टाकलं नाही. त्याच्या संगीताचं मर्म मला या निर्णयात दिसतं.

मोजक्या स्वरांच्या पुनरावृत्तीतून रचना उभी करण्याची वाट १९६० च्या दशकात अमेरिकेत टेरी रायली, स्टीव्ह राइश यांनी पाडली. ब्रायन ईनोने १९७८ मध्ये विमानतळासाठी संगीत रचलं आणि अशा, परिसरात विरघळणाऱ्या संगीतासाठी ‘अँबियंट’ हे नाव रुजलं. फ्राम या दोन्ही वाटांकडून घेतो. पण त्याच्या संगीताला ‘पार्श्वसंगीत’ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. ‘स्पेसेस’ (२०१३) या अल्बममधली ‘सेज’ ही रचना ऐका. आठेक मिनिटांची. सिंथेसायझरवर एकच स्वराकृती फिरत राहते, हार्मनी कितीतरी वेळ जागची हलत नाही. शेवटाकडे ती हलते तेव्हा अंगावर काटा येतो. इथे राग नाही, ओढूनताणून नातं जोडायचं नाही. पण विलंबित ख्यालात तारषड्जाची वाट पाहिलेल्या कानांना हा धीर ओळखीचा वाटेल.

डेव्हिड क्लाव्हिन्स या कारागिराने तर फ्रामसाठी ‘ऊना कोर्डा’ हा वेगळाच पियानो घडवला. एरवी बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात, यात प्रत्येकाला एकच. पट्ट्याही ८८ ऐवजी ६४.

सुरुवात मात्र ‘फेल्ट’पासून करा, आणि हेडफोन लावूनच. फोनच्या स्पीकरवर त्या हातोड्या ऐकू येत नाहीत, नुसता गोडवा उरतो.