जिन्यातील दिव्याचे दोन खटके आणि स्मार्ट स्विच

जिन्याच्या तळाशी एक व माथ्याशी एक असे दोन खटके आणि त्या दोहोंचा अंमल एकाच दिव्यावर, ही योजना आपल्याकडील दुमजली घरांत रूढ आहे. अशा दिव्याला स्मार्ट स्विच बसवून तो मोबाइलवरून अथवा ठरावीक वेळी आपोआप लावण्याची सोय आता अनेकजण करू पाहतात. एका खटक्याच्या दिव्याबाबत हे काम सुकर असते. दोन खटक्यांच्या दिव्याबाबत मात्र ते वारंवार फसते. याचे कारण भाषाभ्यासकाला परिचित असलेल्या एका तत्त्वाच्या साहाय्याने स्पष्ट करावयाचे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

साध्या खटक्याची खालची स्थिती म्हणजे 'चालू' व वरची म्हणजे 'बंद', असा आपल्याकडील संकेत आहे. येथे प्रत्येक स्थितीला स्वतःचा निश्चित अर्थ असतो. जिन्यातील खटक्याचे तसे नाही. तळाचा खटका खाली आहे, एवढ्यावरून दिवा लागलेला आहे की विझलेला, हे सांगता येत नाही; त्यासाठी माथ्यावरील खटक्याची स्थिती ठाऊक असावी लागते. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या त्याच्या संबंधातून ठरते, हा सोस्यूर यांच्या १९१६ साली ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांतील विचार येथे भिंतीवर मूर्त झालेला दिसतो. खटक्यांची मांडणी तर्कशास्त्राच्या बीजगणितात व्यक्त करता येते, हे क्लॉड शॅनन यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले. त्या दृष्टीने पाहता या खटक्यांचा संबंध 'पेन किंवा पेन्सिल आणा' यातील 'किंवा'सारखा नसून 'चहा की कॉफी?' यातील 'की'सारखा आहे: दोहोंपैकी नेमके एकच.

आता प्रत्यक्ष जोडणी पाहू. टू-वे खटक्याला तीन टोके असतात: एक सामाईक व दोन पर्यायी. फेजची तार पहिल्या खटक्याच्या सामाईक टोकास येते. दोन्ही खटक्यांची पर्यायी टोके दोन तारांनी परस्परांस जोडलेली असतात. दुसऱ्या खटक्याच्या सामाईक टोकापासून तार दिव्याकडे जाते व दिव्याचे दुसरे टोक न्यूट्रलला मिळते. दोन्ही खटके एकाच जोडतारेवर आले की दिवा लागतो. भिन्न तारांवर असले की विझतो.

स्मार्ट स्विचमध्ये रेडिओ-ग्राहक असल्याने त्यास अखंड वीज लागते. तो दुसऱ्या खटक्याच्या जागी नुसताच बसविला, तर पहिला खटका फिरताच त्याचा पुरवठाच तुटतो. मग मोबाइलवरून दिवा लागत नाही आणि माथ्यावरूनही लागत नाही. घरातील वृद्ध माणसाने रात्री अंधारात पायरी चाचपावी, अशी वेळ या 'सोयी'मुळेच येते.

यावर खात्रीचा उपाय असा की, जुने दोन्ही खटके जागेवर ठेवून त्यांच्याकडील काम बदलावे. दिव्याकडे जाणारी तार ज्या बोर्डात आहे, तेथे खटक्यामागे बसणारे लहान रिले-मॉड्यूल घ्यावे. त्यास फेज व न्यूट्रल ही दोन्ही थेट द्यावीत. दुसऱ्या खटक्याच्या सामाईक टोकाची, पूर्वी दिव्याकडे जाणारी, जोडणी आता मॉड्यूलच्या संकेत-टोकास द्यावी. दिव्याची तार मॉड्यूलच्या निर्गम-टोकास जोडावी. नंतर ॲपमध्ये 'खटक्याची स्थिती बदलताच दिव्याची अवस्था उलटावी' हा पर्याय निवडावा. अशा रीतीने खटका वीज वाहून नेत नाही. तो केवळ बदल सुचवितो. खटक्याची स्थिती अर्थहीन, स्थित्यंतर मात्र अर्थपूर्ण, असा हा पालट आहे.

येथे काही गोष्टी कटाक्षाने पाळल्या पाहिजेत. बोर्डात सॉकेट असेल तर न्यूट्रल बहुधा तेथेच मिळतो. परंतु फेज व न्यूट्रल एकाच सर्किटचे असावेत, अन्यथा गळती ओळखणारा सुरक्षा-स्विच पडतो. न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगची तार त्या कामी वापरणे सर्वथा वर्ज्य होय. न्यूट्रलवाचून चालणारी उपकरणे मिळतात. पण ती दिव्यातूनच अल्प प्रवाह घेतात, त्यामुळे एलईडी दिवा बंद असतानाही मिणमिणू शकतो. अशा वेळी उत्पादकाने सुचविलेला कपॅसिटर दिव्याशी समांतर जोडावा लागतो. पुरवठा २३० व्होल्टचा असल्याने मेन स्विच बंद करून, तारा निर्जीव झाल्याची खात्री करून, हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे.

शेवटी परीक्षा कशी करावी? प्रथम इंटरनेट बंद करून दोन्ही खटके आळीपाळीने फिरवावेत. दिव्याने प्रत्येक वेळी अवस्था बदललीच पाहिजे. नंतर मेन स्विच बंद करून पुन्हा लावावा व वीज परतल्यावर दिवा कोणत्या अवस्थेत येतो, ते पाहावे. जिन्यासाठी 'पूर्वीची अवस्था' हा पर्याय सोयीचा पडतो. ज्याला ॲपची वार्ताही नाही अशा पाहुण्याला जिना चढताना आणि उतरताना हाताशी आलेल्या खटक्याने दिवा लावता आला, तरच ती जोडणी सिद्ध झाली असे समजावे.